'ऑफ-सीझन' कोणाचा?

पर्यटनाच्या व्यवहारात एक शब्द असा आहे की, तो उच्चारला की समोरच्या माणसाचा विचार तेथेच थांबतो. तो शब्द म्हणजे 'ऑफ-सीझन'. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत फ्रान्सच्या ग्रामीण भागात 'बघण्यासारखे काही नसते', 'सारे काही बंद असते', असे ठामपणे सांगणारी मंडळी आपल्या मराठी समाजात पुष्कळ भेटतात. त्यांतील बहुतेकांनी तो भाग कोणत्याच महिन्यात पाहिलेला नसतो, ही गोष्ट वेगळी. प्रस्तुत लेखाचा हेतू या समजुतीशी वाद घालणे हा आहे. वाद केवळ सहलीच्या तारखांचा असता तर या पत्रिकेची पाने मी अडविली नसती. परंतु आपल्याकडे परदेश पाहून आलेला माणूस व्याख्यान देतो, लेख लिहितो, पुढे त्याचे पुस्तकही होते; आणि मे-जूनच्या अकरा दिवसांत सात देशांना हात लावून आलेल्या या माणसाच्या शब्दावर आपण 'युरोप कसा आहे' याविषयीची आपली मते बनवितो. तेव्हा प्रश्न प्रवासवर्णनाच्या खरेपणाचा आहे.

माझ्या बोलण्याला आधार काय, हे आधीच सांगितलेले बरे. २०२४ च्या ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आम्ही दोन जोडपी भाड्याच्या कॅम्परव्हॅनने फ्रान्सच्या उत्तर टोकापासून दक्षिणेकडे हळूहळू उतरत गेलो. माझे स्नेही पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. मी महसूल खात्यातून. वाहन आम्ही दोघे आळीपाळीने चालवीत असू. स्नेह्यांच्या पत्नींनी अनेक वर्षे फ्रेंच शिकविलेले असल्यामुळे भाषेची अडचण फारशी आली नाही. शेन्गेन व्हिसावर नव्वद दिवस राहता येते, साडेतीन टनांपर्यंतची कॅम्परव्हॅन मोटारीच्या साध्या परवान्यावर चालविता येते आणि येथून निघताना आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा लागतो. साठी उलटलेल्या माणसांना यात अशक्य असे काहीही नाही. 'या वयात कशाला?' या आक्षेपाला माझ्यापुरते एवढे उत्तर पुरेसे आहे.

आता मूळ शब्दाकडे वळू. हा 'सीझन' ठरविला कोणी? जमिनीने तर नव्हे. फ्रान्सच्याच दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहराचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकात तेथील सीझन म्हणजे हिवाळा. इंग्रज व रशियन धनिक थंडी टाळण्यासाठी तेथे येत आणि उन्हाळा लागताच हॉटेलांना कुलपे लागत. २०२१ साली युनेस्कोने नीसला जागतिक वारशाच्या यादीत घेतले तेही हिवाळी विश्रामाचे नगर म्हणूनच. पुढे १९३६ साली तेथील पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना पंधरा दिवसांची पगारी रजा देणारा कायदा केला. ही रजा वाढत वाढत १९८२ साली पाच आठवड्यांवर गेली. कारखाने ऑगस्टात बंद, शाळा जुलै-ऑगस्टात बंद, म्हणून सारा देश त्याच दोन महिन्यांत रस्त्यावर येऊ लागला. म्हणजे 'सीझन' हा तेथील कामगार-कायद्याचा आणि शाळांच्या वेळापत्रकाचा परिपाक आहे. कायदा चांगलाच होता, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्याला ना फ्रेंच कारखान्यात काम करावयाचे आहे, ना फ्रेंच शाळेत मूल घालावयाचे आहे, त्या इंदूरच्या वा बडोद्याच्या पेन्शनराने ते वेळापत्रक निमूटपणे स्वीकारावे, याचे कारण मला आजवर कोणी दिलेले नाही.

शेतीचे पंचांग निराळे आहे. दक्षिणेकडे नियोंसच्या परिसरात ऑलिव्हची तोडणी होते ती नोव्हेंबर-डिसेंबरात. ब्रिटनीतील कांकालच्या कालवांचा मोठा खप नाताळच्या सुमारास. द्राक्षवेलींची छाटणी पाने गळाल्यावर सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. लो नदीच्या मुलुखात लालबेंक नावाच्या गावी ट्रफल या जमिनीखाली वाढणाऱ्या काळ्या कवकाचा बाजार भरतो तो डिसेंबरपासून, मंगळवारी दुपारी. विक्रेते आपापल्या लहान टोपल्या बाकांवर मांडून ओळीने उभे राहतात, गिऱ्हाइके दोरीपलीकडे. ठरलेल्या वेळी शिट्टी होते, दोरी खाली येते आणि थोड्याच वेळात सारा सौदा उरकतो. आम्ही गेलो तेव्हा हंगामाचा आरंभच होता. आम्ही अर्थातच काही घेतले नाही, तो भाव पेन्शनरांचा नव्हे. परंतु वास पुष्कळ घेतला. ज्या महिन्यांत हा देश आपली शेती, आपला बाजार आणि आपली देवाणघेवाण स्वतःसाठी करीत असतो, त्या महिन्यांना आपण 'ऑफ' म्हणतो. येथे 'ऑफ' कोण असतो? पर्यटक असतो, देश नव्हे.

'पण सारे बंद असते हे तर खरे ना?' होय, पुष्कळसे बंद असते. मात्र माझ्या मते ते बंद असणे हीच पाहण्याची गोष्ट आहे. त्याच लो खोऱ्यात साँ-सिर्क-लापोपी नावाचे गाव कड्यावर वसलेले आहे. त्याचे छायाचित्र एकदा पाहिले की विसरणे कठीण. 'फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे' या नावाची एक संस्था १९८२ साली कोलोंज-ला-रूज या गावच्या महापौरांच्या पुढाकाराने स्थापन झाली. तिच्या यादीत हे गाव मिरवते. उन्हाळ्यात गल्ल्यांतून पाय ठेवावयास जागा नसते. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा दुपारी तीन वाजता आमच्या पावलांखेरीज दुसरा आवाज नव्हता. खिडक्यांची झडपे ओळीने मिटलेली. चित्रांची, मातीच्या भांड्यांची दुकाने मिटलेली. या कम्यूनची कायम वस्ती दोनशेच्या आसपास, तीही आजूबाजूच्या वाड्या धरून. उरलेली घरे कोणाची? शहरवासीयांची, परदेशीयांची, वर्षातून चार आठवडे उघडणारी. फ्रान्समधील एकूण घरांपैकी सुमारे दहा टक्के घरे अशी 'दुसरी घरे' आहेत; सुंदर खोऱ्यांत हे प्रमाण कितीतरी अधिक. जूनमध्ये आलेल्या आपल्या प्रवासवर्णनकाराला हेच गाव 'जिवंत', 'गजबजलेले' दिसते आणि तो घरी येऊन लिहितो की, फ्रेंच माणूस आपली जुनी गावे कशी नांदती ठेवतो पाहा! तो खोटे लिहीत नाही. मांडव पाहून घराचे वर्णन करतो, इतकेच.

यादीबाहेरच्या गावांची कथा आणखी निराळी. आज फ्रान्समधील निम्म्याहून अधिक कम्यूनांत एकही दुकान उरलेले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये बॅगेट या लांबट पावाच्या कारागिरीला युनेस्कोच्या यादीत मान मिळाला तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनीही ती बातमी कौतुकाने छापली. शांपान्यपासून लोझेरपर्यंत आम्ही ज्या खेड्यांत मुक्काम केला त्यांतील कितीतरी ठिकाणी पाव मिळत होता तो चौकातील यंत्रातून. नाणे टाकावे, पाव बाहेर येतो. शेजारच्या बंद दुकानाच्या दारावर 'बेकरी' ही अक्षरे अजून वाचता येतात. ज्याँ-फ्रांस्वा ग्राव्हिए या भूगोलज्ञाने 'पॅरिस आणि फ्रेंच वाळवंट' या नावाचे पुस्तक लिहिले ते १९४७ साली. म्हणजे हा प्रश्न नवा नाही, आणि त्यावर तेथे पाऊणशे वर्षे खल चालू आहे. तो ऐकण्यासाठी मात्र रिकाम्या महिन्यांतच जावे लागते. भरल्या महिन्यांत त्याचा आवाज पोहोचत नाही.

एक साधा प्रसंग सांगतो. वाटेत कित्येक गावांच्या वेशीवरील नामफलक उलटे टांगलेले दिसले. अक्षरे डोक्यावर उभी. प्रथम वाटले, पोरांचा वात्रटपणा असावा. स्नेह्यांच्या पत्नींनी पेट्रोल पंपावर विचारले तेव्हा उलगडा झाला. २०२३ च्या शरदात तार्न जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हे आंदोलन सुरू केले होते: सारे काही उलट्या डोक्याने चालले आहे, म्हणून पाट्याही उलट्या. जानेवारी २०२४ मध्ये याच शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून महामार्ग अडविले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिण अमेरिकेतील देशांशी होऊ घातलेल्या व्यापार-कराराच्या विरोधात ते पुन्हा रस्त्यावर उतरले. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटे घालून लोक रस्त्यांच्या वर्तुळाकार चौकांत बसले होते, डिझेलवरील कर वाढला म्हणून. त्याच वर्षी ग्रामीण रस्त्यांवरील वेगमर्यादा ताशी नव्वदवरून ऐंशी किलोमीटर केल्याचा रागही त्यात मिसळलेला होता. जेथे पावासाठी, डॉक्टरसाठी, शाळेसाठी प्रत्येक वेळी मोटार काढावी लागते तेथे डिझेलचा भाव म्हणजे काय, हे आठवडाभर त्या रस्त्यांवर हिंडल्याखेरीज कळत नाही. आणि आपल्या पुस्तकांतील फ्रेंच शेतकरी? तो हसतमुख असतो, त्याच्या हातात मद्याचा पेला असतो.

आता कॅम्परव्हॅनविषयी. हे वाहन म्हणजे चाकांवरची चैन, असा समज आहे. निदान हिवाळ्याच्या तोंडाशी तरी तसे नव्हे. दोन शेगड्या, शंभरेक लिटरची पाण्याची टाकी, सांडपाण्याची दुसरी टाकी, आणि शौचालयाची पेटी, जी दर दोन दिवसांनी स्वतः उचलून नेमलेल्या जागी रिकामी करावी लागते. हे शेवटचे काम केले की मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या माणसाचा ताठा बराच उतरतो. गॅस ब्यूटेन असेल तर पारा शून्याखाली गेल्यावर शेगडी पेटत नाही, म्हणून प्रोपेनच घ्यावा लागतो. १ नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत डोंगरी भागातील ठरावीक कम्यूनांत हिवाळी टायर किंवा साखळ्या बाळगणे सक्तीचे आहे. हे सारे सांगण्याचे कारण असे की, या वाहनाचे मोल त्याच्या स्वातंत्र्यात नसून त्याच्या गरजूपणात आहे. हॉटेलात उतरलेला माणूस गावाकडे काही मागत नाही, कारण हॉटेलाने त्याच्या साऱ्या गरजा आपल्या भिंतीआड मिटविलेल्या असतात. कॅम्परव्हॅनवाल्याला मात्र रोज काहीतरी मागावेच लागते: पाणी, रात्रीपुरती सपाट जागा, घाण टाकण्याची परवानगी. आणि ते मागावयाचे कोणाकडे? तर गावाकडे, म्हणजे कम्यूनकडे.

येथे माझ्या जुन्या पेशाने मला थोडे थांबविले, म्हणून वाचकांनाही थांबवितो. फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार कम्यून आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक कम्यूनांची वस्ती पाचशेच्या आत आहे. डिसेंबर १७८९ च्या कायद्याने, म्हणजे क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, हे घटक अस्तित्वात आले. तीनशे वस्तीच्या गावालाही स्वतःचा निवडून आलेला महापौर, स्वतःचे दफ्तर, जन्म-मृत्यू-विवाहाची स्वतःची नोंदवही. लहान घटकांचे एकत्रीकरण करण्याचे प्रयत्न वेळोवेळी झाले. २०१० नंतरच्या कायद्यांनी काही कम्यून आपणहून एकत्र आली, तरी संख्या पस्तीस हजारांच्या फारशी खाली गेली नाही. 'प्रशासकीयदृष्ट्या परवडत नाही' हा शेरा मारलेल्या फायली मी सेवाकाळात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या शेऱ्याला पुरून उरलेली व्यवस्था मी येथे प्रथमच इतक्या जवळून पाहिली. कॅम्परव्हॅनच्या थांब्याला तेथे 'एर' म्हणतात. तो बहुधा कम्यूनचाच असतो. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी रात्रीचे दहा-बारा युरो. उन्हाळी तळ ऑक्टोबरात बंद होतात आणि थंडी पडू लागली की एरवरील नळही बंद करतात, नाहीतर नळ्या गोठून फुटतील. मग करावयाचे काय? लोझेरमधील एका गावी आम्ही महापौर-कार्यालयात गेलो. ते आठवड्यातून दोनच दुपारी उघडे असते, आणि सुदैवाने ती दुपार त्यांपैकी एक होती. तेथील लिपिक बाईंनी शांतपणे सांगितले, 'स्मशानभूमीच्या नळाला अजून पाणी आहे. तेथून घ्या. गुरुवारनंतर तोही बंद होईल.'

स्मशानभूमीचे ऐकून बिचकू नये. तेथील स्मशानभूमीत फुलझाडांना घालण्यासाठी नळ असतो आणि हिवाळ्यातील प्रवाशांना तो ठाऊक असतो. १ नोव्हेंबरला 'सर्व संतांचा दिवस' येतो, तेव्हा घरोघरची माणसे आपल्या पूर्वजांच्या कबरी धुऊन पुसून त्यांवर फुलांच्या कुंड्या ठेवतात. फूल कोणते, तर आपली शेवंती! २०२४ साली आपले लक्ष्मीपूजनही नेमके १ नोव्हेंबरलाच आले होते. आदल्या दिवशी बाजारात जिकडेतिकडे शेवंतीच शेवंती पाहून माझी पत्नी हरखून गेली व तिने दोन कुंड्या घेतल्या. विकणाऱ्या बाईंनी सहानुभूतीने विचारले, 'आपली माणसे कोणत्या स्मशानभूमीत आहेत?' आमच्याकडे आज दिव्यांचा सण आहे व हे फूल देवीला वाहतात, असे समजावून सांगितल्यावर त्या बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग त्यांनी तिसरी कुंडी पैसे न घेता गाडीत ठेवली. मे महिन्यात तेथे शेवंती नसते, आणि हा प्रश्नही नसतो.

कॅम्परव्हॅनच्या बाजूने बोलतो आहे म्हणून त्या पंथाचे सारेच मला मान्य आहे असे समजू नये. किंबहुना त्यातील एका जातीवर माझा राग बसमधल्या पर्यटकांवरच्या रागाहून अधिक आहे. ही मंडळी मोठ्या शहराबाहेरच्या अजस्र दुकानात आठवड्याचा शिधा भरून घेतात, रात्री फुकटच्या एरवर उतरतात, गावचे पाणी घेतात, गावात घाण टाकतात आणि गावात एक युरोही न सोडता सकाळी पुढे जातात. वर आपण किती स्वस्तात देश पाहिला याची बढाई. 'फ्रान्स पासियों' नावाची एक योजना १९९३ पासून चालू आहे. तिची वार्षिक वर्गणी भरली की शेतकरी आणि द्राक्षबागाईतदार आपल्या आवारात एक रात्र विनामूल्य उतरू देतात. काही विकत घेतलेच पाहिजे अशी अट नाही. अट नाही म्हणून काही न घेणाऱ्यांना काय म्हणावे? आपल्याकडे दुसऱ्याच्या ओट्यावर रात्र काढलेला वाटसरूदेखील निघताना पोराच्या हातावर काहीतरी ठेवी. आम्ही आपले पिठले-भात गाडीतच शिजवीत होतो, त्याची मला लाज वाटत नाही. परंतु बटाटे, कांदे, चीज, मध, अक्रोड जेथे मुक्काम तेथेच घेत होतो. शेवटचे दुकान बंद पडल्यावर हळहळणारे लेख लिहिण्यापेक्षा ते उघडे असताना त्यात जावे.

खर्चाचा आक्षेप उरला. तो संक्षेपाने निकालात काढतो. ऑक्टोबरनंतर वाहनाचे भाडे उतरते, विमानाचे तिकीटही उतरते, आणि चौघांत वाटल्यावर सात-आठ आठवड्यांचा हिशेब दोन धावत्या सहलींच्या आसपास बसतो. दिवस लहान असतात हे खरे. पाच वाजता अंधारते. मग माणूस गाडीत बसून वाचतो किंवा शेजारच्या गाडीतील निवृत्त फ्रेंच दांपत्याशी बोलतो. त्यांनाही बोलावयाचे असते, कारण तेव्हा दुसरे कोणी नसते.

लवकर उतरणारी ती संध्याकाळ मला सर्वांत अधिक आठवते ती शांपान्यमधील देर तलावाची. स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिककडून स्पेनकडे जाणारे क्रौंच पक्षी नोव्हेंबरात तेथे उतरतात. काही वर्षी त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक भरते. सूर्य मावळताना शेतांतून चरून परतणाऱ्या त्यांच्या रांगा क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येत राहतात आणि त्यांचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी मागाहून दिसतात. परंतु तो तलाव निसर्गाचा नव्हे. मार्न नदीच्या पुरापासून पॅरिसचे रक्षण व्हावे म्हणून १९७४ साली तो बांधून पूर्ण झाला. क्षेत्र सुमारे ४८०० हेक्टर. त्यासाठी शांतकोक, शांपोबेर आणि न्यूझमाँ ही तीन गावे उठविली गेली. न्यूझमाँचे लाकडी चर्च उचलून दुसऱ्या जागी नेले. शांपोबेरचे चर्च पाण्याच्या काठी एकटेच उभे आहे. हिवाळ्यासाठी पाणी खाली उतरविलेले असते, म्हणून उन्हाळ्यात नौकाविहार करणाऱ्यांना न दिसणारा गाळ आणि तळ नोव्हेंबरात दिसतो. माझे स्नेही धरणांवर आयुष्य घालविलेले गृहस्थ. ते बराच वेळ त्या तळाकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, 'हरसूद.' २००४ साली इंदिरा सागरच्या पाण्यात गेलेले ते गाव आम्हा दोघांनाही चांगले ठाऊक होते. त्यावर मी काही बोललो नाही. वरून क्रौंचांच्या रांगा जातच होत्या.

त्याच परिसरात ११ नोव्हेंबरची सकाळ आली. पहिले महायुद्ध थांबल्याचा हा दिवस. फ्रान्समध्ये क्वचितच एखादे कम्यून असेल की जेथे त्या युद्धात पडलेल्यांचे स्मारक नाही. देशाने तेरा लाखांहून अधिक सैनिक गमावले. आम्ही ज्या खेड्यात होतो तेथे पंचवीस-तीस माणसे जमली होती. महापौरांनी मंत्रालयाकडून आलेला संदेश वाचला. हाच संदेश त्या वेळी गावोगाव वाचला जात असतो, हे माझ्यातल्या सरकारी माणसाने टिपले. मग दगडावरची नावे एकेक करून वाचली गेली आणि प्रत्येक नावानंतर 'फ्रान्ससाठी मरण पावला' एवढेच उत्तर. एकाच आडनावाची तीन नावे लागोपाठ आली. त्या आडनावाचे आज गावात कोणी उरले आहे काय, असे मी विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. नंतर पंचायतघरासारख्या दालनात सर्वांना, आम्हालाही, पेय देण्यात आले. गावात त्या दिवशी आम्ही चौघेच परके होतो.

हे स्मरण झाले तेव्हा आम्ही चौघेही एकाच ठिकाणाचा विचार करीत होतो. प्रवासाच्या पहिल्याच आठवड्यात, उत्तरेकडील पा-द-कालेच्या सपाट, चिखलाच्या प्रदेशात, आम्ही नव्ह-शापेल या खेड्यात गेलो होतो. मार्च १९१५ मध्ये तेथे लढाई झाली आणि हल्ला करणाऱ्या सैन्यापैकी निम्मे भारतीय होते. गावाबाहेर चौरस्त्यावर सर हर्बर्ट बेकर यांनी आखलेले भारतीय स्मारक आहे, १९२७ साली उभारलेले: वर्तुळाकार भिंत, सुमारे पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, त्यावर कमळ, खाली दोन बाजूंस दोन वाघ. भिंतीवर ४७०० हून अधिक नावे आहेत, ज्यांना कबरही मिळाली नाही आणि अग्नीही मिळाला नाही अशांची. स्तंभाच्या खालच्या भागात इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरी अक्षरेही आहेत. बीटच्या शेतांमध्ये, पावसात, ती अक्षरे वाचताना मनात जे येते ते या पत्रिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि म्हणूनच 'ऑफ-सीझन'वाल्यांना माझा प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धात सव्वा लाखाहून अधिक भारतीय फ्रान्सच्या भूमीवर होते. भारतीय पायदळाच्या तुकड्या १९१४ च्या सप्टेंबरअखेर मार्सेलिसला उतरल्या, ऑक्टोबरात खंदकांत गेल्या आणि उष्ण प्रदेशातील पातळ कपड्यांनिशी त्यांनी तेथला हिवाळा काढला. फ्रान्सची खेडी आमच्या देशातील माणसांनी इतक्या मोठ्या संख्येने त्यापूर्वी कधीच पाहिली नव्हती. त्यांनी ती प्रथम पाहिली ती ऑक्टोबर ते मार्च याच महिन्यांत. पॅरिसहून ब्रसेल्सकडे जाणाऱ्या सहलींच्या बसगाड्या ज्या महामार्गाने धावतात तेथून हे स्मारक तासाभराच्या अंतरावर आहे. गेल्या काही वर्षांत या शहरात वाटली गेलेली जी सहलपत्रके माझ्या हाती आली ती सारी मी जपून ठेवली आहेत. त्यांपैकी एकातही नव्ह-शापेलचे नाव नाही. अत्तराच्या दुकानासाठी मात्र प्रत्येकात दीड तास राखून ठेवलेला आहे.